तेहतीसचं वर्ष

नवं वर्ष उजाडलं की लोक एकमेकांना दीर्घायुष्य चिंततात. कात्रीबाई मात्र त्या दिवशी लवकर आंघोळ करायची, केस घट्ट आवळून बांधायची आणि धाकट्या दिराचं मरण किती इंचांवर आलंय ते मोजायला खाली दुकानात यायची.

कात्रीबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गल्लीनं ठेवलेलं, अर्धं धंद्यावरून आणि अर्धं जिभेवरून. कोट शिवणारं घराणं. सासरे कटिंग करायचे, नवरा करायचा, आणि नवऱ्यामागे हीच मोठ्या टेबलापाशी उभी राहून कापड बेतायची. पुढच्या बाजूला, काचेजवळ, मशीनवर विधुर दीर. त्याला सगळे मास्तर म्हणत. दोघांच्या मध्ये एक आरसा, एक इस्त्रीचं टेबल आणि पाच वर्षांचा अबोला. अबोला म्हणजे अगदी तोंड शिवलेलं नव्हे. धंदा आहे, बोलावं लागतं. पण बोलायचं ते गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून. "बाह्या परवा मिळतील म्हणावं," असं ती कोटाच्या दिशेनं बोलायची आणि मास्तर मशीनच्या दिशेनं "बरं" म्हणायचा. पूर्वी ती त्याला भाऊजी म्हणायची, अहो-जाहो करायची. आता अगदीच नाइलाज झाला तर सरळ 'तू'. विधवा भावजयीनं दिराला भर दुकानात अरे-तुरे करावं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

सासऱ्यांनी घरात एक रीत घालून दिली होती. म्हातारा म्हणायचा, टेलरनं स्वतःचं माप स्वतः घेऊ नये. परक्याला टेप बरोबर लागते, पण स्वतःला लावताना माणूस एक तर सैल धरतो, नाही तर आवळतो. म्हणून वर्षाच्या पहिल्या दिवशी दुकान बंद ठेवायचं, नवी कोरी टेप उघडायची आणि घरच्यांनी घरच्यांचं माप घ्यायचं. आकडा मोठ्यानं बोलायचा. गिऱ्हाइकाचा लिहून ठेवतात, घरच्याचा डोक्यात ठेवायचा. मग ज्यानं माप घेतलं त्यानंच कोट शिवून द्यायचा, आणि दुसऱ्याच्या हातची शिवण घरात कुणी उसवायची नाही. ज्याचं माप घेतात त्यानं हनुवटी वर ठेवून समोर बघायचं, कारण खाली वाकून बघितलं की छाती आत जाते आणि घेर चुकतो. तिथं दीर-भावजय असला संकोच चालायचा नाही. "टेपेला नातं नसतं," म्हातारा ठणकावून सांगायचा.

म्हातारा गेला तेव्हा त्याच्या शेवटच्या कोटाचा घेर तेहतीस होता. उमेदीत बेचाळीसचा माणूस. तेव्हापासून घरात तो आकडा कुणी सहज उच्चारत नसे. एखादं गिऱ्हाईकच तेहतीसचं निघालं तर मास्तर "साडेबत्तीस, वर सैल राहायला थोडी ढील" असं म्हणायचा.

आता या दोघांचं बिनसलं कशावरून ते ऐका.

कात्रीबाईचा नवरा, मास्तरचा दादा, पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गेला. पोटात कसलीशी गाठ होती. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चार महिने आधी का नाही आणलंत? कात्रीबाई डॉक्टरच्या तोंडाकडे बघतच राहिली. चार महिने आधी काय होतं? तिला तर काही दिसलं नव्हतं. रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस झिजताना दिसत नाही, हेच खरं.

सगळं आटोपल्यावर तिनं नवऱ्याचा शेवटचा कोट उराशी धरला, आणि धरल्याबरोबर तिच्या हातांना काहीतरी खटकलं. हातच ते, आयुष्यभर कापड चाचपलेले. कोट टेबलावर पसरून तिनं टेप लावली. ढील सोडून तेहतीस. त्या वर्षीच्या पहिल्या दिवशी तिच्यासमोर आकडा बोलला गेला होता अडतीस! आणि कोट शिवला होता मास्तरनं, कारण माप त्यानंच घेतलं होतं. म्हणजे भाऊ पाच इंच वाळलाय हे या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक असून हा अडतीस बोलला, गुपचूप तेहतीसचा कोट शिवला, आणि महिनेन् महिने भावाशेजारी बसून रखवालदारांच्या गणवेशांची मोठी ऑर्डर पुरी करून घेतली.

ती कोट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "हात हवे होते ना तुला? ऑर्डर पुरी होईपर्यंत माझ्या नवऱ्याचे हात हवे होते, म्हणून मूग गिळून बसलास!"

मास्तर खाली मान घालून उभा राहिला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. ज्याच्या मनात खोट नसते तो असा मुकाट उभा राहतो का? कात्रीबाईनं त्याच दिवशी निवाडा करून टाकला. यानं माझ्या नवऱ्याचं मरण माझ्यापासून लपवलं. मी याला याचं मरण वर्षा-वर्षाला दाखवीन.

दादाची एक जुनी टेप होती. कापडी, गळ्यात अडकवून अडकवून मऊ झालेली. टेप जुनी झाली की ताणते, आणि ताणलेली टेप माणसाला बारीक करते. अडतीसचा माणूस तिच्यावर सदतीस भरतो. म्हणून तर दर वर्षी नवी उघडायची. पण पुढच्या नव्या वर्षी कात्रीबाईनं ती जुनी काढली आणि आल्या-गेल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी माझ्या माणसाच्या टेपनं माप घेणार. कुणाची हरकत आहे का?"

कुणाची असणार? मास्तर समोर बघत उभा राहिला.

"सदतीस," ती म्हणाली. आणि कोट शिवला अडतीसला पुरून वर ढगळ होईल असा. मास्तरनं तो घातला, आरशात बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी सावली आली ती बघून कात्रीबाईला दादा गेल्यापासून पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

पुढच्या वर्षी छत्तीस. मग पस्तीस. दर वर्षी टेप थोडी ओढून ठेवायची, अंगठा थोडा सरकवायचा. गेल्या वर्षी चौतीस. आणि गंमत बघा, मास्तर खरंच उतरायला लागला. आधी आरशाकडे पाठ करून बसू लागला, मग डब्यातली पोळी अर्धी परत जाऊ लागली. त्याच्या मुलानं वजनकाटा आणला तर त्याच्यावर पाय ठेवेना. सावकाश हो, बाबा, सावकाश, कात्रीबाई मनात म्हणायची. माझ्या नवऱ्याला तरी कुठं घाई होती?

स्वतःच्या मापाची तिला काही काळजी नव्हती. मास्तर तिचं माप घ्यायचा तो तोंड पलीकडे वळवून, दोन बोटांत टेप पकडून. आकडा दर वर्षी तोच, छत्तीस. दादानं तिचं शेवटचं माप घेतलं होतं तेव्हाही छत्तीसच होतं. तिला त्याचा अभिमान होता. "मी आहे तशी आहे," ती पुटपुटायची, "झिजतंय ते भलतंच कुणीतरी." मास्तरनं शिवलेला कोट ती घालायची, पण नाक मुरडून. अस्तर जाड घालतो, खांद्यात काय-काय कोंबतो, मास्तरचा हात गेला आता, असं गिऱ्हाइकांना सांगायची. बाकीचे कपडे जुन्या कपड्यावर बेतून स्वतःच शिवायची; ते ढगळच असायचे. अलीकडे जिना चढताना धाप लागायची, तर ती जिन्याला शिव्या द्यायची. बोटातली अंगठी निसटायला लागली होती, तिला दोरा गुंडाळला होता. थंडीत बोटं आखडतात, त्यात काय एवढं?

तर अशी यंदाची पहिली तारीख आली. यंदाचा आकडा तेहतीस. कात्रीबाईनं तो महिनाभर जिभेवर घोळवला होता. कसा म्हणायचा, हळू की ठसक्यात, आणि म्हणून झाल्यावर टेप त्याच्या छातीभोवतीच राहू द्यायची की काढून घ्यायची, सगळं ठरलं होतं.

मास्तर खाली आलाच नाही. आली त्याची सून. चार-सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, हात चांगला, तोंडही चांगलं. काजं करायला बसायची आणि बडबडायची. तिला घरातल्या वैराची जुजबी माहिती होती. तिनं ती कानाआड केली होती.

"काकू, बाबा उठत नाहीयेत. आठवडाभर नुसत्या पेजेवर आहेत. डॉक्टर म्हणतात शरीरात काही दोष नाही, मनानं घेतलंय."

"मनाला काय झालंय? चांगलं दगडाचं आहे."

"तुम्ही वर येता का माप घ्यायला? ते म्हणाले, वहिनी आल्याशिवाय राहायच्या नाहीत."

"येते ना! रीत आहे." कात्रीबाईनं दादाची टेप गळ्यात टाकली. छातीत काहीतरी थुईथुई नाचत होतं. आनंदच होता तो, उगाच खोटं कशाला बोला.

"थांबा, आधी मोठ्या माणसाचं माप ना? बाबांनी सांगितलंय नियम मोडायचा नाही. पण त्यांना उभं राहवत नाही, मग तुमचं मीच घेते." पोरीनं नवी टेप फोडलीसुद्धा. "कोट काढा बरं, काकू. हा केवढा जाड आहे!"

कात्रीबाई कोट काढून उभी राहिली. हनुवटी वर, नजर समोर. काचेतून रिकामी गल्ली दिसत होती. पोरीचे हात गार होते.

"एकतीस," सून मोठ्यानं म्हणाली.

कात्रीबाईला हसू आलं. "टेप उलटी धरलीस का गं? परत घे."

पोरीनं परत घेतली. "एकतीसच आहे."

"पाठीवर खाली घसरली असेल. काखेतून सरळ आण. शिकवलं काय तुला आईनं?"

सून मुकाट्यानं मागे गेली, टेप सरळ केली, पुढे आली. या खेपेला ती आकडा बोललीच नाही. नुसती अंगठ्याखाली टेप धरून उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघून कात्रीबाईनं आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांचा नियम मोडला. पोरीच्या हातातून टेप हिसकावली, आरशासमोर गेली, स्वतःच्या अंगाला लावली आणि खाली बघितलं.

एकतीस. आवळून नाही, सैल नाही.

आरशात तिनं स्वतःकडे नीट बघितलं. किती वर्षांनी बघत होती कोण जाणे. त्या आरशात ती फक्त मास्तरचं तोंड बघायची. गळ्याची हाडं वर आली होती. ढगळ कपड्याच्या आत बाई कुठेतरी एका कोपऱ्यात उभी होती. धाप, अंगठी, दोरा, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं.

"काकू, बसा तुम्ही. पाणी आणू का?"

"कात्री आण."

"अहो, कात्री कशाला?"

"आण म्हणते ना!"

तिनं आपला कोट टेबलावर उलटा टाकला आणि दुसऱ्याच्या हातची शिवण उसवली. घरात हे कुणी कधी केलं नव्हतं. अस्तर बाजूला केलं. आत कापूस. छातीला कापूस, काखेखाली कापूस, खांद्याला थरावर थर. वेडावाकडा कोंबलेला नव्हे. हातशिलाईनं, बारीक-बारीक टाके घालून, कडेला निमुळता करत आणलेला, बाहेरून कुठं फुगवटा दिसू नये असा. बाहेरून कोट छत्तीसचा. आतून एकतीसच्या माणसाला घट्ट धरून ठेवणारा. पाच वर्षं ती ज्याला मास्तरचा गेलेला हात म्हणत होती तो असा हात होता.

कात्रीबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कोट बगलेत मारून ती जिना चढली. धाप लागली, पण या वेळी जिन्याला शिवी दिली नाही.

मास्तर भिंतीला टेकून बसला होता. अंगावर गेल्या वर्षीचा तिनंच शिवलेला ढगळ कोट. त्यात मान कासवासारखी बाहेर आलेली. तिला बघून म्हणाला, "आलात, वहिनी? मला वाटलं होतं, तुमच्या आधी वरचं बोलावणं आलं तर तुमचा जिना वाचेल."

तिनं उसवलेला कोट त्याच्या मांडीवर फेकला. "हे काय आहे?"

मास्तरनं उसवलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. "कापूस."

"ते मलाही दिसतंय. आंधळी नाहीये मी."

"कात्री जरा जपून मारायचीत. कापड फाडलंत."

"विषय बदलू नकोस! कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. आधी अर्धा इंच. मग थांबेचना."

"आणि तू छत्तीस-छत्तीस म्हणत राहिलास. दादाचं लपवलंस, आता माझंही लपवलंस. अरे, माझं मरण आहे ते! मला न सांगता खिशात घालून फिरतोस? कुणी दिला तुला अधिकार?"

सून नवी टेप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिला जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

"एकदा सांगितला होता खरा आकडा," तो म्हणाला. "त्या वर्षी पहिल्या तारखेला तुम्ही चहा टाकायला वर गेला होतात. मी दादाला टेप लावली, नि रीतीप्रमाणे मोठ्यानं बोलून गेलो. तेहतीस. तोंडातून निघाल्यावर कळलं काय बोललो ते. दादा पांढराफटक पडला. म्हणाला, बाबा तेहतीसला गेले, म्हणजे माझंही वर्ष आलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. पाया पडलो, वहिनी. तो म्हणाला, नशिबात आहे ते डॉक्टर काय उसवणार? शपथ घातली मला, तिला अडतीस सांग म्हणून. तुम्ही चहा घेऊन खाली आलात तेव्हा आठवतं का, काय म्हणाला?"

कात्रीबाईला आठवलं. दंड फुगवून दाखवत नवरा हसला होता. 'अडतीस! अजून पहिलवान आहे तुझा!' आणि ती म्हणाली होती, पहिलवाना, चहा घे, निवतोय.

"त्या दिवसापासून त्याचा घास तोंडात फिरायला लागला. गाठीनं नेलं असं डॉक्टर म्हणतात. असेल. पण गाठीच्या आधी माझ्या आकड्यानं नेलं. तेव्हाच ठरवलं, या घरात उतरता आकडा माझ्या तोंडून निघणार नाही. तुमचा छत्तीस दादानं घेतलेला होता. तो मोडवेना."

"मग तेव्हा का नाही बोललास? मी तुला खुनी ठरवलं."

"काय बोलू? तुमचा नवरा भिऊन मेला म्हणून सांगू? तुम्ही शिव्या देत होतात ते बरं होतं. शिव्या देताना तरी तुमच्या अंगात जीव दिसायचा."

कात्रीबाईनं गळ्यातली टेप मुठीत धरली. एक शेवटचं उरलं होतं, ते तरी आपलं स्वतःचं आहे असं तिला वाटत होतं. "आणि ही टेप..."

"ताणलेली आहे. मी टेलर आहे वहिनी, गाढव नाही. पहिल्याच वर्षी कळलं."

"कळलं? मग उभा का राहायचास?"

"तुम्हाला बरं वाटायचं." तो थोडं हसला. "मला वाटलं, खोटाच तर आकडा आहे, काय बिघडतंय? पण आकडा कानात शिरला की शिरतो. काम करताना कळायचं की खोटा आहे. ताटावर बसलं की खरा वाटायचा."

आता एखादीला इथं पाझर फुटला असता. कात्रीबाईलाही रडू आलं, पण रडू आल्याचा राग त्याहून मोठा आला. पाच वर्षं जपून, ओढून, मोजून घेतलेला सूड, आणि तो या माणसानं भीक वाढावी तसा तिला घेऊ दिला होता! कापसाच्या त्या एकेका टाक्याबद्दल तिला त्याचा गळा धरावासा वाटला. नवऱ्याचाही धरावासा वाटला, पण तो हाताबाहेर होता.

"उभा राहा," ती म्हणाली.

"वहिनी..."

"रीत आहे. उभा राहा."

सुनेनं हात दिला. मास्तर कोट काढून उभा राहिला. हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. कात्रीबाईनं दादाची टेप काढून पलंगावर टाकली आणि सुनेच्या हातातली नवी घेतली. काखेतून सरळ आणली, पुढे जुळवली, अंगठा धरला, वाचलं.

तेहतीस.

ओढलेली टेप नाही, सरकवलेला अंगठा नाही. ज्या आकड्यासाठी पाच वर्षं झटली तो तिच्या बोटांत जिवंत धडधडत होता. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. नुसतं खरं बोललं तरी काम फत्ते होतं. मास्तरचे ओठ हलत होते. आकडा ऐकायच्या आधीच तो स्वतःशी म्हणत असावा. आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कात्रीबाईनं निरखून पाहिलं. सुटकेची वाट बघणाऱ्या माणसाचं तोंड होतं ते.

असं होय, तिनं मनात म्हटलं. म्हणजे मी तेहतीस म्हणायचं आणि तू डोळे मिटायचेस. दादाही तसाच निघून गेला. मेलेले सुटतात. मग अर्ध्या रिकाम्या पलंगावर कोण झोपतं? दोन कप मांडून एक परत कोण ठेवतं? या शहाण्याला ते कुठं माहीत आहे? बायको गेली तेव्हा दादा होता. दादा गेला तेव्हा शिव्या द्यायला मी होते. एकटं राहणं म्हणजे काय ते यानं बघितलंच नाही अजून. बरा पळू देईन!

"अडतीस," कात्रीबाई मोठ्यानं म्हणाली.

सुनेनं तोंडावर हात ठेवला. मास्तरनं नियम मोडून खाली बघितलं, पण टेप तोवर सुटली होती.

"वहिनी, टेप नीट धरली होतीत ना?"

"तू माझी धरायचास तितकीच नीट. आता ऐक, मध्ये बोलू नकोस. मी एकतीस आहे. उद्या डॉक्टरकडे जाईन, गोळ्या खाईन, भिणार नाही. पण कापड विरलंय हे मला कळतं. मी तुझ्या आधी जाणार. तू मागे राहायचंस. रोज माझ्या टेबलाकडे बघत मशीन चालवायचंस, शिव्या ऐकू येतील म्हणून कान देऊन बसायचंस आणि त्या यायच्या नाहीत. वर्षाच्या पहिल्या दिवशी नवी टेप घेऊन उभं राहायचंस. ही शिक्षा आहे तुझी, आणि ती भोगल्याशिवाय मी तुला मरू देणार नाही. अडतीस म्हटलंय मी. कोटही अडतीसचाच शिवणार. तो भरून दाखवायचा. पेज बंद आजपासून. काय गं, पोळ्या केल्यास का?"

"करते, काकू," सून रडत म्हणाली.

मास्तरचा चेहरा आता खरोखर घाबरला होता. कात्रीबाईला ते बघून बरं वाटलं. नवी टेप तिनं त्याच्या हातात दिली.

"घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "माझं माप राहिलंय. पोरीनं घेतलेलं मी धरत नाही."

पाच वर्षांनी तो शब्द ऐकून मास्तरनं टेप दोनदा झटकून सरळ केली. तिनं हनुवटी वर केली, समोरच्या खिडकीकडे बघितलं. त्यानं नेहमीसारखं तोंड पलीकडे वळवलं, काखेतून टेप सरळ आणली, दोन बोटांत पकडली आणि जवळ नेऊन वाचली. बराच वेळ वाचली.

"एकतीस," तो पुटपुटला.

"रीत काय आहे?" कात्रीबाई म्हणाली. "मोठ्यानं."

"एकतीस!" मास्तर ओरडला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"हां," ती म्हणाली. "या खेपेला कापूस घालायचा नाही." आणि खाली जाऊन तिनं अडतीसचा कोट बेतायला कापड काढलं.